बार्बेल दिसेनासा झालाय, तर नदीवर फ्लोट कसा चालवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: मुक्काम इंग्लंडमधल्या वूस्टरजवळ, टीम आणि सेव्हर्न या दोन नद्यांवर क्लबचं कार्ड. दोन हंगाम बार्बेल या मोठ्या नदीतल्या माशाच्या मागे गेले. बारा पाउंडी (म्हणजे बारा पाउंडांचा ताण सोसणारा) दोरा, पेलेट म्हणजे खाद्याच्या कडक गोळ्या, फीडर म्हणजे चारा भरून तळाला टाकायची जड डबी, आणि हाती जवळजवळ काही नाही. आता फ्लोटवर, म्हणजे गळ पेलून धारेबरोबर तरंगत जाणाऱ्या काडीवर, जे मिळतील ते मासे धरायचे आहेत. सामान कुठलं घ्यावं, सुरुवात कुठून करावी, आणि मुळात नदीत मासे उरलेत का?

शेवटचं आधी. उरलेत. रोच, डेस, चब, पर्च, गजन, ब्लीक, टीमच्या वरच्या भागात ग्रेलिंगसुद्धा. तुमच्या सामानाला ते दिसत नाहीत, एवढंच. मोठ्या पेलेटला शंभर ग्रॅमचा डेस टोचून बघतो, काठीचं टोक किंचित थरथरतं आणि तुम्ही तो पाण्याचा धक्का समजता. त्या जाड दोऱ्यावर तो अडकणारच नाही.

बार्बेलबद्दल दोन शब्द, कारण तो का कमी झाला हे कळलं तर नदी कशी वाचायची हेही कळतं. हा आपल्या महासीरचा लांबचा भाऊबंद: कार्पच्याच कुळातला, तोंडाशी चार मिशा, तळाशी खडीत चरणारा. इंग्लंडमध्ये तो मुळात पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचा मासा. सेव्हर्न पश्चिमेकडच्या समुद्राला मिळते, तिथे तो नव्हताच. 1956 मध्ये केनेट नदीतले 509 बार्बेल सेव्हर्नमध्ये सोडले, ते पसरले आणि पुढे टीममध्येही शिरले. म्हणजे ज्याला आज ‘गेलेलं वैभव’ म्हणतात ते तिथं सत्तरेक वर्षांचंच आहे. रोच-डेस-चब त्याच्याही आधीपासूनचे रहिवासी.

बार्बेल स्वच्छ खडीत अंडी घालतो आणि खडीच्या फटींतून पाणी खेळतं राहिलं तरच ती जगतात. शेतातली माती वाहून येते, खडीवर बसते, फटी बुजतात. टीमचं पाणी एका पावसात लाल-तपकिरी होतं, ते याच मातीमुळे. त्यात काठावरचा हिमालयन बाल्सम. हा आपल्या तेरड्याच्याच वंशातला, 1839 मध्ये बागेसाठी इंग्लंडात आणलेला. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण इथं रंग उतरल्यावर खरी अडचण सुरू होते: थंडीत झाड मरतं, काठ उघडा पडतो आणि हिवाळी पुरात माती सरळ नदीत उतरते. अंड्यांतून निघालेली पिल्लं नेमकी उन्हाळी पुरात सापडली, 2007 सारख्या, तर वाहून जातात. वर पाणमांजरं परतली आहेत. 2011 पर्यंत ती इंग्लंडच्या प्रत्येक काउंटीत पोचली होती. पाणमांजर हे एकच कारण धरून बसणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण हिशेब साधा आहे. बार्बेल पंधरा वर्षांहून जास्त जगतो. मागून पिल्लं येत नसली तरी जुने मासे वाढत राहतात, वजनाचे आकडे चढतात आणि सगळं आलबेल वाटतं. ग्रेट ऊझ नदीच्या ॲडम्स मिल भागात 2006 मध्ये 21 पाउंड 1 औंसाचा, म्हणजे साडेनऊ किलोंचा, बार्बेल निघाला. तो तेव्हाचा ब्रिटिश विक्रम होता. असल्या थोड्या म्हाताऱ्या माशांवर उभी असलेली जागा चार-पाच मासे गेले की संपते.

आता मुद्द्यावर. बार्बेलसाठी तुम्ही वाट पाहत होता. फ्लोटवर वाट पाहायची नसते, काम करायचं असतं. तासाला तीस-चाळीस फेऱ्या (फ्लोट धारेबरोबर एकदा खाली सोडून परत ओढणं म्हणजे एक फेरी), आणि प्रत्येक फेरीला चारा. ‘कुठला फ्लोट घेऊ’ हा प्रश्न दुकानदाराच्या सोयीचा आहे. चारा ज्या वाटेनं वाहत खाली जातो त्याच वाटेनं, त्याच वेगानं गळावरची अळी जातेय का, हा आपला प्रश्न. पुढचं सगळं त्याभोवतीच आहे.

जागा निवडताना बार्बेलच्या सवयी विसरा. फेसाळ खळाळ किंवा झाडाखालचा खोल खड्डा नको. वीस-पंचवीस मीटरपर्यंत साधारण सारखी खोली, माणूस रमतगमत चालेल एवढा वेग आणि पृष्ठभाग गुळगुळीत, अशी धार शोधा. सेव्हर्नवर ब्यूडली गावाच्या आसपास काठापासून दोन काठ्यांच्या अंतरात अशा चार ते सात फुटी धारा सापडतात. टीम अरुंद, वळणावळणाची आणि फांद्यांनी झाकलेली. तिथं दहा-बारा मीटरची फेरी मिळाली तरी पुष्कळ. वेगवान आणि संथ पाणी जिथं घासून जातं ती शीव डोळ्यांनी दिसते: एका बाजूला फेस धावतो, दुसऱ्या बाजूला रेंगाळतो. पहिली फेरी त्या शिवेच्या आतल्या अंगानं. डेस उथळ आणि चालत्या पाण्यात वरवर असतो, रोच एकसारख्या धारेत मधल्या ते खालच्या थरात. चब फेरीच्या शेवटाला किंवा पलीकडच्या फांद्यांखाली, पर्च काठालगतच्या संथ कोपऱ्यात, गजन तळाला. एकाच जागेत हे सगळे असतात. तुम्ही खोली आणि अंतर बदललं की मासा बदलतो.

बार्बेलच्या सामानातलं हातजाळं आणि बसायची पेटी ठेवा, बाकी घरी. काठी 13 फुटी, मऊसर, टोकापासून हळूहळू वाकणारी. दोरा पाण्याच्या वर उचलून धरायचा असतो, म्हणून ही लांबी. दहा फुटी काठीनं ते जमत नाही. रीळ साधं, न फिरणाऱ्या स्पूलचं चालतं. सेंटरपिन, म्हणजे आपल्या मांज्याच्या फिरकीसारखं मोकळं गरगरणारं चाक, सुंदर चालतं. धार स्वतः दोरा ओढून नेते आणि अंगठ्यानं कडेला हलका दाब दिला की फ्लोटला लगाम बसतो. पण पहिल्या महिन्यात ते गुंता करणार. नदी शिकायची की रीळ, ते ठरवा. दोन्ही एकदम शिकायला गेलात तर दिवस गाठी सोडवण्यात जाईल.

मुख्य दोरा 3 पाउंडी, तरंगणारा. गळाला बांधायचा खालचा तुकडा त्याहून कमजोर, 2 पाउंडांच्या आसपास, साधारण 0.10 मिलिमीटरचा, एक फूट लांब. तो मुद्दाम कमजोर ठेवायचा: अडकलं तर गळ तुटावा, फ्लोट नाही, आणि माशाच्या तोंडात सबंध साज (दोरा, फ्लोट, वजनं) लोंबकळत राहू नये. चबचं प्रमाण जास्त असेल तर वर 4 ते 5, खाली 3 ते 4 पाउंड. गळ बिनकाट्याचे (आकडा मोठा तेवढा गळ लहान): एका अळीला 20 नंबर, दोन अळ्यांना किंवा कोषात गेलेल्या अळीला 18 ते 16, पावाला आणि गांडुळाला 14 ते 12.

फ्लोट तीन पुरतात. पहिला स्टिक: वर बाल्साचं हलकं लाकूड, खाली जड काडी, दोन काठ्यांच्या अंतरापर्यंत आणि सहा-सात फुटांपर्यंतच्या पाण्यात. दुसरा ॲव्हॉन किंवा बोलो, डोकं जाड, 3 ते 5 ग्रॅम पेलणारा, खोल आणि जोरदार धारेला. तिसरा वॅगलर, फक्त बुडाशी अडकवायचा, वाऱ्याच्या दिवशी आणि पलीकडच्या काठासाठी. स्टिक सिलिकॉनच्या तीन नळ्यांनी बसवा: वर, मध्ये, खाली. खालची नळी काडीच्या टोकापुढे एक-दोन मिलिमीटर यायला हवी, नाहीतर झटका दिल्यावर दोरा काडीभोवती वेढा घालतो.

वजन म्हणून जे छर्रे लावतात ते शिशाचे मिळत नाहीत. गिळून हंस मरत होते, म्हणून 1987 पासून 0.06 ते 28.35 ग्रॅममधलं शिसं बंद आहे. पर्यायी धातू कडक असतो, दातांनी दाबलात तर दोरा चेपतो आणि नेमका तिथंच तुटतो. बोटांच्या चिमटीनं बसवा आणि सरकवताना दोरा ओला करा. नंबर उलटे चालतात: 4 नंबर 0.17 ग्रॅम, 6 नंबर 0.10, 8 नंबर 0.06. फ्लोटवर ‘6 नं. 4’ लिहिलेलं असतं, म्हणजे तो 4 नंबरचे सहा, साधारण एक ग्रॅम पेलतो. अंदाजाला नियम असा: दर फूट खोलीला 4 नंबरचा एक छर्रा, आणि धार जोरात असेल तर वर एक-दोन.

सहा फूट पाणी आणि वरचाच फ्लोट धरू. सहा सारखे छर्रे लावण्याऐवजी चार 4 नंबर, दोन 6 नंबर, दोन 8 नंबर लावा. वजन तेच पडतं. गळापासून 30 आणि 45 सेंटिमीटरवर 8 नंबर, 62 आणि 80 वर 6 नंबर, मग 98, 116, 134 आणि 152 वर 4 नंबर. शर्टाच्या गुंड्यांसारखी ही ओळ असते: वर जड, खाली हलकं, त्यामुळे अळी शेवटच्या दोन फुटांत सैल, नैसर्गिक पडते. डेस आणि रोच बऱ्याचदा या पडण्यातच घेतात. ब्लीकची झुंड वरच अळी पळवत असेल तर ही मांडणी निरुपयोगी. ॲव्हॉन लावा, सगळं वजन गळापासून दोन फुटांवर एकत्र करा, खाली फक्त 6 नंबरचे दोन, आणि अळी ब्लीकच्या थरातून झपकन खाली न्या.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे हलका फ्लोट. हलका म्हणजे नाजूक, नाजूक म्हणजे जास्त मासे, असं वाटतं. प्रत्यक्षात हलका फ्लोट रोखून धरला की लगेच काठाकडे सरकतो, धारेतून बाहेर पडतो आणि चारा एका वाटेनं, अळी दुसऱ्या वाटेनं. शंका असेल तेव्हा एक माप जड.

खोली मापायला चारा टाकण्याआधी दहा मिनिटं द्या. अंदाजानं फ्लोट लावा, सोडा. बुडत नसेल तर सहा इंच खोल करा, पुन्हा सोडा. असं करत गळ तळाला घासून फ्लोट डुचकायला लागेपर्यंत जा, मग दोन इंच कमी करा. डुचकणं नेहमी एकाच ठिकाणी होत असेल तर तिथं उंचवटा किंवा ओंडका आहे. जागा काठावरच्या एखाद्या झुडपाच्या खुणेनं लक्षात ठेवा. उंचवट्याच्या पलीकडच्या उताराला मासे बसतात, म्हणून ती अडचण नव्हे, पत्ता आहे.

आता चारा. पाच तासांच्या दिवसाला लिटरभराहून थोड्या जास्त अळ्या आणि अर्धा लिटर शिजवलेलं भांगेचं बी. (इंग्लंडात अळ्या पाइंटनं विकतात, 1 पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर, तेव्हा दोन पाइंट मागा.) भांगेचं बी ऐकून घरच्यांनी भुवया उंचावल्या तर सांगा, यात नशा नाही. रात्रभर भिजवा, उकळी आणा, मंद आचेवर वीस-तीस मिनिटं ठेवा. बी उकलून मोड येऊ लागलेल्या मटकीसारखा पांढरा कोंब डोकावला की गॅस बंद, आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर रंग काळाभोर येतो. जास्त शिजलं तर सालं तरंगतात आणि मासे तुमच्या जागेपासून दूर खाली जातात. अळ्या फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात. घट्ट झाकणाचा, बारीक भोकांचा डबा आणि घरातल्यांची आधी परवानगी, दोन्ही लागतं. त्या गरम राहिल्या की कोष होतात. कोष हे स्वतः उत्तम आमिष, रोच आणि चबला जास्त प्रिय, फक्त गडद होत गेलेले कोष तरंगतात. पाण्याच्या भांड्यात टाकून तरंगणारे काढून टाका.

चारा कुठं टाकायचा हे डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. घरी काचेच्या उंच बरणीत 30 सेंटिमीटर पाणी घ्या आणि अळी तळाला जायला किती सेकंद लागतात ते बघा. समजा चार लागले. सहा फुटांना, म्हणजे 180 सेंटिमीटरला, चोवीस सेकंद. नदीवर फ्लोट पाच मीटर जायला दहा सेकंद घेत असेल तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. म्हणजे हातातून सुटलेली अळी बारा मीटर खाली जाऊन तळाला टेकते! तळाशी वेग कमी असल्यानं प्रत्यक्षात थोडी अलीकडे, पण तुमच्या समोर नक्कीच नाही. बऱ्याच जणांचे मासे फेरीच्या शेवटी, जिथं फ्लोट नीट सांभाळता येत नाही तिथं चावतात, त्याचं कारण हे. समोर मासे हवेत तर चारा चांगला वरच्या बाजूला टाका, किंवा फेरी लांबवायची तयारी ठेवा. भांगेचं बी अळीपेक्षा लवकर बुडतं, त्यामुळे दोन्ही एकाच मुठीत टाकले की तळावर दोन वेगळी ताटं मांडली जातात. बी जरा पुढं, अळ्या जरा वर, असा फरक करा म्हणजे ताट एक होईल.

प्रमाण: प्रत्येक फेरीला दहा-पंधरा अळ्या आणि चिमूटभर बी. आधी चारा, मग लगेच फ्लोट त्याच्या मागोमाग. चावे सुरू झाले की लोक हात आखडतात, आणि वीस मिनिटांत सगळं थंड पडतं. चावे येतायत ते चाऱ्यामुळे. हात थांबला की मासे पुढच्या चाऱ्याच्या शोधात निघतात. पहिली पंचेचाळीस मिनिटं काहीच मिळालं नाही तरी लय मोडू नका. उलट थंडीत, पाणी 5-6 अंशांवर असताना, पाच-सहा अळ्या आणि तेही एक फेरी सोडून.

फेरी अशी: चारा टाका, फ्लोट थोडा वरच्या बाजूला आणि चाऱ्याच्या रेषेत टाका, काठी उंच. छर्रे पडून फ्लोट सरळ उभा राहीपर्यंत दोरा मोकळा. मग हलका लगाम. पाणी वर वेगानं आणि तळाशी हळू वाहतं. फ्लोटला मोकळं सोडलं तर तो अळीला ओढत पळतो आणि माशाला ती चाऱ्यातल्या इतरांपेक्षा जोरात धावताना दिसते. म्हणून फ्लोट पृष्ठभागाच्या वेगापेक्षा जरा मंद चालवायचा. किती? शेजारून जाणारा फेसाचा बुडबुडा फ्लोटला सावकाश मागे टाकतो एवढाच. पाचेक मीटरला एकदा फ्लोट पूर्ण थांबवा: अळी पुढे जाऊन वर उचलते. मग सोडा. थांबवताना किंवा सोडल्यावर पहिल्या सेकंदात चावा येतो. दोरा फ्लोटच्या पुढं जाऊन कमान करत असेल तर काठीचं टोक वरच्या दिशेनं अलगद फिरवून दोरा उचलून मागे ठेवा, फ्लोट न हलवता.

वारा उलटा, म्हणजे धारेविरुद्ध वाहत असेल तर स्टिकचा दिवस. धारेच्या दिशेनं वाहत असेल तर तो दोरा पुढे ढकलतो आणि रोखणं अशक्य होतं. हट्ट न करता वॅगलर लावा, दोऱ्याला भांडी घासायच्या साबणाचं बोट फिरवा म्हणजे तो बुडेल, आणि खोली मापापेक्षा सहा-आठ इंच जास्त ठेवा. तळावर घासत जाणारी अळी फ्लोटला आपोआप मंद करते.

चुकलेले चावे बोलतात. अळी चोखून नुसतं साल उरलं तर रोच, आणि तुम्ही उशिरा झटका देताय. खालचा 8 नंबरचा छर्रा गळाकडे दहा सेंटिमीटर सरकवा म्हणजे चावा लवकर दिसेल. फ्लोट विजेसारखा जातो आणि काहीच लागत नाही, तर बहुतेक डेस किंवा ब्लीक. गळ एक नंबरनं लहान करा, एकच अळी लावा, खोली एक फूट कमी करा. अळी चुरगाळलेली पण फ्लोट हललाच नाही, तर खालचं वजन फार दूर आहे. गळ गुंतून येतो, छर्रे एकमेकांत अडकतात, तर टाकताना फ्लोट पाण्याला टेकायच्या क्षणी बोटानं दोरा रोखत नाही आहात. रोखला की साज सरळ पसरून पडतो. झटका म्हणजे मनगटाची हलकी झेप, वरच्या बाजूला. हिसका दिलात तर डेसचं तोंड फाटतं.

मासे येत होते आणि अचानक बंद झाले, तर आधी पाइकचा, म्हणजे इतर मासे खाणाऱ्या मोठ्या शिकारी माशाचा, संशय घ्या. अडकलेला डेस ओढताना जड होऊन सुटला, अंगावर ओरखडे, तर तो तिथंच आहे. वीस मिनिटं फेरी थांबवा, थोडा चारा चालू ठेवा. तरी बसून राहिला तर तीस मीटर खाली सरका. त्याच्याशी स्पर्धा करून उपयोग नाही.

ऋतूंचं थोडक्यात. इंग्लंडच्या नद्यांवर 15 मार्च ते 15 जून बंदी असते, हंगाम 16 जूनला उघडतो. ऑगस्टपर्यंत स्वच्छ पाण्यात मासे वर असतात: हलका साज, कोष, भांगेचं बी. उन्हाळा उतरताना गळावरही बी लावून बघा, उकललेल्या फटीत गळाची पाठ रुतवून. सोबत टेअर, वाटाण्याच्या जातीचं काळपट कडधान्य, तसंच शिजवून. त्यावर मोठे रोच येतात, पण चावा इतका झटपट की निम्मे चुकतील. पानगळीत दोन आठवडे वैतागाचे, प्रत्येक फेरीला पान. मग हिवाळ्यात पाव: पांढऱ्या स्लाइसच्या कडा काढून मिक्सरमधून फिरवा, चाळा, लिंबाएवढा सैल गोळा दहा-पंधरा मिनिटांनी एक. गळावर पाच ते आठ मिलिमीटरची पावाची चकती. थंड, निवळ पाण्यात चब आणि रोच याला अळीपेक्षा लवकर भुलतात.

पाण्याची पातळी निघण्याआधी बघा. एन्व्हायर्नमेंट एजन्सी ही सरकारी संस्था ती ऑनलाइन देते. चढतं, गढूळ पाणी म्हणजे फ्लोटला सुट्टी, फार तर काठालगतच्या संथ कोपऱ्यात पर्चसाठी गांडूळ. उतरणारं, किंचित हिरवट झाक आलेलं पाणी म्हणजे रजा टाकावी असा दिवस. टीम झरझर चढते आणि तिचा काठ निसरडा चिकणमातीचा आहे, त्या दिवशी उतरू नका.

आणि या सगळ्यात बार्बेल लागला तर? फ्लोटवर, भांगेच्या बियांवर तो येतोच, जिथं असेल तिथं. 2 पाउंडी दोऱ्यावर त्याला अर्धा तास खेळवणं ही कामगिरी नाही. तो दमून मरतो, विशेषतः कोमट पाण्यात. ज्या जागेत तो असण्याची शक्यता आहे तिथं पहिल्यापासूनच वर 6, खाली 5 पाउंड, 14 नंबरचा गळ आणि ॲव्हॉन. डेस थोडे कमी मिळतील, मिळू द्या. काढल्यावर हातजाळ्यातच, पाण्यात, तोंड धारेकडे करून धरा. तो स्वतः जोरानं निसटेपर्यंत सोडू नका. साठवणीच्या जाळ्यात (पकडलेले मासे पाण्यातच जिवंत ठेवायच्या लांब जाळ्यात) बार्बेल कधीच नको. त्याच्या पाठीवरच्या परात करवतीसारखा काटा असतो, तो जाळीत अडकतो. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्या जागेवर बसूच नये.

इतर माशांसाठी साठवणीचं जाळं वापरायचं तर गाठी नसलेलं, किमान 2 मीटर लांब, कड्यांमधलं अंतर 40 सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, कड्याचा घेर 120 सेंटिमीटरपेक्षा कमी नाही. हे नियमातले आकडे आहेत. 13 वर्षांपासून पुढे रॉड लायसन्स, म्हणजे गळ टाकायचा सरकारी परवाना, लागतं आणि क्लबचं कार्ड त्याला पर्याय नाही. कालवणाचा बेत असेल तर तोही आवरा: नियमानं नदीतून दिवसाला 20 सेंटिमीटरपर्यंतचे 15 छोटे मासे नेता येतात, पण क्लब सहसा एकही नेऊ देत नाहीत, आणि काटेरी रोचचं कालवण करून पस्तावणारे पुष्कळ.

राहिला क्रेफिश, गोड्या पाण्यातला नांग्यांचा, झिंग्यासारखा प्राणी. अमेरिकेतून आणलेला सिग्नल क्रेफिश तळावर ठेवलेला पेलेट कुरतडत बसतो. तुमच्या फीडरवरच्या कित्येक ‘थरथरी’ त्याच्याच असणार. तळाच्या दोन इंच वरून जाणारी अळी त्याच्या नांग्यांत सहसा सापडत नाही. तो एका नदीतून दुसरीत जातो, तसे त्याचे रोगही ओल्या जाळ्यातून जातात. टीमवरून सेव्हर्नवर जाताना जाळी कडकडीत वाळवा. आणि डबा उघडण्याआधी हात साबणानं धुवा: कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ज्या लेप्टोची भीती असते तोच उंदरांच्या मुतातून या काठांवरही असतो. इथं त्याला वाइल्स डिसीज म्हणतात.